वेताळाचं मुखपृष्ठ कुणी रंगवलं, ते छापा

प्रति,
संचालक मंडळ,
बेनेट, कोलमन आणि कंपनी (टाइम्स समूह),
मुंबई.



मार्च १९६४ मध्ये आपल्या संस्थेने 'इंद्रजाल कॉमिक्स'चा पहिला अंक काढला आणि १९९० मध्ये ही मालिका बंद केली. मधल्या काळात आठशेच्या घरात अंक निघाले. त्यातल्या निम्म्याहून अधिक अंकांत वेताळ होता. मराठी घरांतून तो वेताळ म्हणूनच वाचला गेला; फँटम हे त्याचं मूळ नाव आमच्यापैकी पुष्कळांना फार उशिरा कळलं. या अंकांच्या मुखपृष्ठांबद्दल एक मागणी आहे, आणि या अंकांवर पोसलेल्या सगळ्यांचाच तिच्याशी संबंध असल्यामुळे ती उघड पत्रातून करतो आहे.

ली फॉक यांनी वेताळाची कथा १७ फेब्रुवारी १९३६ रोजी सुरू केली, ती अमेरिकी वर्तमानपत्रांतल्या रोजच्या चित्रपट्टीतून. पट्टीला मुखपृष्ठ नसतं. ती कथा अंकाच्या रूपात आणायची, तर वरचं चित्र कुणीतरी नव्याने रंगवायलाच हवं. तुमच्याकडे सुरुवातीच्या पन्नासेक अंकांसाठी ते काम बी. गोविंद, म्हणजे गोविंद ब्राह्मणिया यांनी केलं. पुढे १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर हा नायक निर्माण केला, तेव्हा जीन्सवर भगवा कुर्ता घातलेला तो तरुण कागदावर उतरवला तोही गोविंद यांनीच. अमेरिकेत गोल्ड की कॉमिक्ससाठी जॉर्ज विल्सन वेताळाची मुखपृष्ठं रंगवत. जाणकार गोविंद यांना त्यांच्या पंक्तीला बसवतात, आणि मला ते पूर्ण पटतं.

एक गोष्ट इथे नीट पाहायला हवी. आतल्या कथेत तुमच्या संपादकांनी फेरफार केले. वेताळाच्या बेंगाला देशाचं देंकाली झालं, सिंग चाच्यांचे सिंगा चाचे झाले. भारतीय वाचकाला खटकू नये म्हणून ते केलं, आणि ते समजण्यासारखं आहे. म्हणजे आतला मजकूर बदललेला, पण वरचं चित्र मात्र इथल्याच चित्रकाराने इथल्या वाचकासाठी केलेलं, अस्सल. मालिका बंद झाल्यानंतर उलटंच घडलं. आता लोक हात घालतात तो नेमका त्या चित्राला.

माझ्यासमोर एकाच मराठी अंकाच्या दोन प्रती आहेत. एक विरारच्या रद्दीतून आलेली, आमच्या अर्नाळ्याच्या खाऱ्या हवेने पिना गंजलेली, पिनांभोवती कागदावर तांबूस डाग पडलेली. दुसरी एका विक्रेत्याने मूळ अंक म्हणून विकलेली. भिंग लावलं की दोन्हींतला फरक लपत नाही. जुन्या प्रतीवर वेताळाच्या पोशाखाचा जांभळा रंग म्हणजे शेजारी शेजारी बसलेले निळे आणि किरमिजी ठिपके. उन्हात राहिलेल्या प्रतीत किरमिजी शाई आधी उडते आणि निळी टिकून राहते, म्हणून पोशाख निळसर दिसतो. दुसऱ्या प्रतीवर स्कॅन केलेलं चित्र संगणकावर 'साफ' केलेलं आहे. ठिपके पुसून सपाट जांभळा ओतला आहे. खडकावरची कुंचल्याची खरखर गेली, चेहऱ्यावरच्या सावलीची कडा गेली. वरून चौकट सरळ दिसावी म्हणून चारी बाजूंनी काठ छाटले. कोपऱ्यात चित्रकाराची सही असेल तर ती अशा छाटणीत हमखास जाते. सुरुवातीच्या अंकांच्या मलपृष्ठावर भिंतीला लावण्याजोगं मोठं चित्र असायचं. नव्याने छापलेल्या प्रतींत ते बहुधा गाळलेलंच असतं.

रंगाचा प्रश्न किरकोळ समजू नका. वेताळाला जांभळा रंग मिळाला तो १९३९ मध्ये, रविवारची रंगीत पानं सुरू झाली तेव्हा. फॉक यांच्या मनात करडा होता. स्वीडनमध्ये तो निळा झाला, इटलीत लाल. त्यामुळे एखाद्या मुखपृष्ठावर तो कुठल्या छटेचा होता, हा छपाईच्या इतिहासातला पुरावा असतो. 'चुकीचा' रंग दुरुस्त करणारा माणूस तो पुरावाच पुसत असतो, आणि पुढच्या वाचकाला ते कळायला मार्ग राहत नाही.

बदल केलाच जाऊ नये, असं माझं म्हणणं नाही. १९५४ साली अमेरिकेत ईसी कॉमिक्सच्या 'क्राइम सस्पेन्स्टोरीज'च्या २२व्या अंकावर जॉनी क्रेग यांनी एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात तोडलेलं डोकं असं चित्र काढलं. आधीच्या चित्रात ते डोकं जास्त वर धरलेलं होतं आणि मानेतून गळणारं रक्त दिसत होतं. ते छपाईपूर्वी सौम्य करून घेतलं. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये प्रकाशक विल्यम गेन्स यांना सिनेटच्या उपसमितीपुढे त्याच मुखपृष्ठावरून जाब द्यावा लागला. तो बदल आज त्या अंकाच्या इतिहासाचा भाग आहे, कारण काय बदललं आणि कुणी बदलायला लावलं, याची नोंद आहे. संग्राहकांच्या बाजारातही हाच नियम आहे. अमेरिकेतली सीजीसी ही संस्था जुने अंक तपासून डबीत सीलबंद करते, तेव्हा न छेडलेल्या प्रतीला निळं लेबल लावते आणि रंग भरलेल्या, डागडुजी केलेल्या प्रतीला जांभळं. डागडुजी करायला मनाई नाही, ती लपवायला आहे.

आपल्याकडे तपासायचं तर कशाशी ताडून पाहायचं? मापदंड कुठेच मांडलेला नाही. तो मांडू शकेल अशी एकच संस्था आहे, ती म्हणजे तुमची.

नाव कसं टिकतं, ते आमच्या गावात दिसतं. अर्नाळ्याचा जंजिरा १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि पेशव्यांनी तो नव्याने बांधून काढला. होडीने बेटावर उतरून दरवाजापाशी गेलं की मराठी शिलालेख दिसतो. त्यात बाजीरावांचं नाव आहे, आणि त्या बांधकामाशी जोडलेल्या बाजी तुळाजीचंही आहे. इतक्या जुन्या दगडावर ही नावं वाचता येतात. साठ वर्षांपूर्वीच्या मुखपृष्ठाखाली मात्र बी. गोविंद हे नाव वाचकाला शोधत बसावं लागतं.

इंद्रजालमधल्या वेताळ, मॅन्ड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन यांच्या कथांचे हक्क किंग फीचर्सचे आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून कथा पुन्हा छापा अशी मागणी मी करत नाही. मागणी साधी आहे. तुमच्या संग्रहातल्या अंकांच्या मुखपृष्ठांची आणि मलपृष्ठांची जशीच्या तशी छायाचित्रं घ्या. डाग, सुरकुत्या, उडालेला रंग, किमतीचा छापा, सगळं राहू द्या. प्रत्येकाखाली अंकाचा क्रमांक, महिना, वर्ष, भाषा आणि चित्रकाराचं नाव लिहा, आणि ही सूची लोकांसाठी खुली करा. मूळ रंगवलेली चित्रं तुमच्या कपाटांत असतील तर ती कुठे आहेत ते जाहीर करा, आणि मुंबईत एकदा तरी ती पाहायला ठेवा. पुढे कुणाला पुनर्मुद्रणाची परवानगी दिलीत, तर रंग किंवा चौकट बदलली असल्याचं आत छापण्याची अट घाला. मराठी आवृत्तीची नोंद वेगळी घ्या; तिचं शीर्षक वेगळं, अक्षरं वेगळी, ती इंग्रजी अंकाची पुरवणी नव्हती.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही एक सांगणं आहे. घरात जुने इंद्रजाल असतील तर फाटलेल्या कण्यावर चिकटपट्टी लावू नका, पांढऱ्या पडलेल्या जागी स्केचपेन फिरवू नका, गंजल्या पिना स्वतः उपटू नका. अंक कोरड्या जागी, उन्हापासून दूर, आडवे ठेवा. टाइम्सने सूचीचं काम हाती घेतलं, तर त्यांच्याकडे नसलेले मराठी अंक तुमच्याच माळ्यावरून मिळतील.

संचालकांनी या कामाची सुरुवात मार्च १९६४ च्या अंकापासून करावी आणि तशी घोषणा आपल्याच वर्तमानपत्रातून करावी, ही विनंती.

कळावे,
आपला एक वाचक,
अर्नाळा, ता. वसई, जि. पालघर