मुरमाला घाई करा, डागाला नको

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या ओपीडीत चेहरा दाखवायला येणाऱ्यांची संख्या वाढते. मुलगी, सोबत आई, कधी मावशी. मुलगेही येतात, फक्त ते एकटे येतात आणि आधी केस गळण्याबद्दल विचारतात. बोलणं साधारण असं होतं:

"डॉक्टर, लग्न दीड महिन्यावर आलं. एवढे डाग तेवढे काढून द्या."

"मुरुम किती वर्षांपासून आहेत?"

"चार-पाच वर्षं झाली असतील."

"मग तेव्हा का नाही दाखवलं?"

यावर उत्तर आई देते. "वयात आलं की येतातच ना डॉक्टर. लग्न झालं की जातात म्हणतात."

चार वर्षं थांबायला तयार असलेलं हे कुटुंब आता दीड महिनाही थांबायला तयार नसतं. माझं स्पष्ट मत आहे की हे नेमकं उलटं चाललं आहे. घाई करायची ती मुरमाच्या वेळी. डागाला वेळ द्यायचा असतो. ज्या घरांत हे उलटं होतं, तिथलेच चेहरे पुढे बिघडलेले दिसतात.

असं का म्हणतो ते सांगायला आधी एक घोळ निस्तरावा लागेल. 'डाग' या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

पहिला लाल डाग. मुरुम बसला, पण त्या जागी सूज आली होती तेव्हा रुंदावलेल्या बारीक रक्तवाहिन्या अजून तशाच आहेत. स्वच्छ काचेचा ग्लास त्यावर हलका दाबून पाहा, लाली बरीचशी नाहीशी होते आणि ग्लास उचलला की परत येते. गोऱ्या-गव्हाळ चेहऱ्यावर हे डाग जास्त उठून दिसतात. दुसरा तपकिरी किंवा काळा डाग. सूज आल्यावर त्वचेनं जास्तीचं रंगद्रव्य तयार केलं, ते हे. आपल्या भारतीय त्वचेत हा प्रकार फार. ग्लास दाबल्यानं तो जात नाही. तिसरा खड्डा. तिरप्या उजेडात, खिडकीशी बाजूनं उभं राहून आरशात पाहिलं की त्याची सावली दिसते. तिथं त्वचेच्या आतला आधार, म्हणजे कोलॅजन, नष्ट झालेला असतो.

पहिले दोन हे रंगाचे प्रश्न आहेत. काही आठवड्यांत नाही, पण काही महिन्यांत ते बहुतेक आपोआप फिके होतात. कधी वर्षही लागतं. नवे मुरुम येणं थांबलं आणि उन्हापासून चेहरा जपला तर लवकर होतात, एवढंच. तिसरा मात्र स्वतःहून भरून येत नाही, आणि कोणतंही क्रीम तो भरत नाही. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

आता मुरुमाकडे पाहा. खोल, दुखणारा, गाठीसारखा मुरुम जितके दिवस पेटलेला राहतो तितका आतला नाश वाढतो. मुरुम सुरू झाल्यापासून नीट उपचार मिळेपर्यंत जितका काळ जातो, तितकी खड्ड्यांची शक्यता जास्त. म्हणजे 'वयाचं आहे, जाईल' म्हणत काढलेली ती चार वर्षं फुकट गेलेली नसतात. त्या चार वर्षांत खड्डे तयार झालेले असतात. नखानं फोडण्याची सवय असेल तर आणखी भर.

आणि उपचार काही गूढ नाहीत. रात्री वाटाण्याएवढं अडापलीन सगळ्या चेहऱ्यावर पातळ लावायचं, नुसतं मुरमावर टिपके द्यायचे नाहीत. सोबत बेंझॉइल पेरॉक्साइड. पहिले दोन-तीन आठवडे त्वचा कोरडी पडते, थोडी लाल होते, सालपटं निघतात. इथंच निम्मे लोक 'मला सूट झालं नाही' म्हणून सोडून देतात. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. या दोन औषधांच्या जोडीनं नवे खड्डे पडण्याचं प्रमाण कमी होतं हे चाचण्यांत दिसलं आहे, म्हणून मी त्यांच्याबद्दल आग्रही आहे. गाठीचे, खड्डे पाडणारे मुरुम असतील तर पोटातून आयसोट्रेटिनॉइन द्यावं लागतं. त्या गोळीबद्दल भीती फार पसरली आहे. खरी आणि मोठी काळजी एकच: गर्भावर तिचा गंभीर परिणाम होतो. त्यामुळे गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर एक महिना दिवस राहता कामा नयेत. लग्न ठरलेल्या मुलींना मी हे आईच्या समोर सांगतो. अवघडल्यासारखं होतं, पण सांगतो. गरोदरपणात अडापलीनही नको.

हे झालं घाईचं. आता डागाच्या घाईनं काय होतं ते.

लाल डाग घेऊन माणूस मेडिकल स्टोअरमध्ये जातो. काउंटरवरचा मुलगा एक ट्यूब देतो. मैत्रिणीनं, वहिनीनं, पार्लरवालीनं सांगितलेली तीच ती ट्यूब. पाच-सहा दिवसांत लाली गायब, चेहरा उजळ. चमत्कारच. त्यात स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून लाली जाते. बरं काहीच झालेलं नसतं. काही आठवड्यांनी, महिन्यांनी त्वचा पातळ होऊ लागते, तिच्यातून लाल रेषा दिसू लागतात, उन्हात गेलं की आग होते, गालावर लव वाढते आणि ट्यूब बंद केली की मुरुम पूर्वीपेक्षा जोरात उसळतात. मग माणूस काय करतो? पुन्हा तीच ट्यूब. बाळंतिणीला देऊ नये ते औषध देऊन ती झोपली म्हणून खूश व्हावं, तसला हा प्रकार.

ही माझ्या एकट्याची तक्रार नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या अनेक केंद्रांत केलेल्या एका पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणीतरी सुचवलं होतं. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारनं 14 स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. कागदावर. इतवारीपासून हिंगण्यापर्यंत कुठंही मागून पाहा. दुकानदाराला दोष द्यावा तर तो म्हणतो, मी नाही दिलं तर शेजारचा देईल, आणि त्यात तथ्य आहे. म्हणून ट्यूबवरची बारीक अक्षरं स्वतः वाचायला शिका: बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं एखादं नाव दिसलं तर मुरमाच्या डागावर ती ट्यूब लावू नका. आधीच लावत असाल तर बंद केल्यावर चेहरा भडकेल. घाबरून पुन्हा सुरू करू नका, ट्यूब घेऊन दाखवायला या.

ट्यूबवर निदान नाव तरी असतं. बिनलेबलच्या डबीचं काय? 2023 च्या सुरुवातीला आपल्या विदर्भातल्याच अकोल्याची बातमी आली होती. एका घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, मूत्रपिंडाच्या विकारानं आजारी पडल्या. ब्यूटिशियनकडून घेतलेलं, चेहरा उजळ करणारं एक क्रीम तिघी वापरत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीनं तपासणी झाली तेव्हा त्या क्रीममध्ये पारा सापडला. सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पारा दशलक्षात एक भाग इतकाच चालतो. इथं तो हजारांच्या घरात होता. पारा त्वचेतला रंग तयार होणं रोखतो, म्हणून चेहरा खरंच उजळतो. आणि त्वचेतून आत शिरून मूत्रपिंडाच्या गाळणीला इजा करतो. त्याच सुमारास केरळमधल्या डॉक्टरांनीही अशाच क्रीममुळे मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांची नोंद केली. तोंडावर लावलेल्या क्रीमनं लघवीतून प्रथिनं जाऊ लागतील, पाय सुजतील, हे कुणाच्या मनात तरी येईल का? म्हणून 'नैसर्गिक', 'हर्बल', 'आठ दिवसांत गोरे' असं सांगणाऱ्या, कंपनीचा पत्ता आणि घटक न छापलेल्या डबीला घरात जागा देऊ नका.

घरगुती उपायांवर माझा तितका राग नाही. नागपुरात संत्र्याच्या सालीची पूड लावणारे घरटी एक तरी सापडतील. निरोगी त्वचेला त्यानं फारसं बिघडत नाही. पण पेटलेल्या मुरमांवर ती भरड पूड घासली की सूज वाढते आणि जिथं डाग पडला नसता तिथं पडतो. लिंबू मात्र अजिबात नको. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं की त्वचा भाजल्यासारखी होऊन महिनोन् महिने काळी राहते.

उन्हाचा विषय निघालाच आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो त्या शहरात आपण राहतो. लाल डागावर ऊन पडत राहिलं की तो काळपट होतो आणि मुक्काम वाढवतो. डागावर शंभर रुपयांचं काही लावायचं असेल तर आधी सनस्क्रीन घ्या, एसपीएफ 30 किंवा जास्त, तेलकट नसलेलं. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या लांबीइतक्या दोन रेघा चेहरा-मानेला लागतात. बहुतेक जण त्याच्या पाव भाग लावतात. दुपारी बाहेर असाल तर पुन्हा लावा. स्कूटीवर जाणाऱ्या मुली तोंडाला दुपट्टा घट्ट गुंडाळतात ते उन्हासाठी चांगलंच, पण तोच घामेजलेला दुपट्टा आठवडाभर वापरला की हनुवटी आणि गालाच्या कडेला मुरुम वाढतात. सुती, सैल आणि रोज धुतलेला घ्या. हेल्मेटच्या आतलं कापडही धूत जा.

खड्ड्यांवर उपचार आहेत. बारीक, खोल खड्ड्यात तीव्र आम्लाचा थेंब सोडतात, पसरट खड्डे खालून सुईनं सोडवतात, मायक्रोनीडलिंग आहे, लेसर आहे. चार-सहा सिटिंग लागतात, मध्ये महिना-महिना जातो आणि चेहरा सुधारतो, पण कोरा होत नाही. आपल्या रंगाच्या त्वचेवर जोराचा लेसर मारला तर काळे डाग पडू शकतात. म्हणून नवे मुरुम येत असताना आणि लग्नाला दीड महिना उरला असताना मी या भानगडीत पडत नाही. दोन-चार जणी नाराज होऊन दुसरीकडे जातात.

त्या दीड महिन्यावर लग्न असलेल्या मुलीला मी अडापलीन, सनस्क्रीन आणि साधं मॉइश्चरायझर लिहून देतो, ब्लीच आणि फेशियल बंद करायला सांगतो. लग्नाच्या दिवशी उरलेले लाल डाग मेकअप झाकतो, त्याला माझी हरकत नाही. आणि निघताना विचारतो, घरी धाकटं कुणी आहे का? बहुतेक वेळा नववी-दहावीतला भाऊ निघतो, कपाळभर मुरुम असलेला. त्याला याच आठवड्यात घेऊन या म्हणतो. खासगी दवाखाना परवडत नसेल तर मेडिकलला किंवा मेयोला त्वचा विभागाची ओपीडी आहे, तिथं दाखवा. फक्त येताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा आणि डब्या पिशवीत घालून आणा, रिकाम्या असल्या तरी.