धबधब्याच्या सफरीचा अमीर

पावसाचे दिवस आले की आमच्या देवळाली कॅम्पातल्या घरी नातेवाइकांचे फोन सुरू होतात. मालेगावचे मामू, भिवंडीची खाला, कधी तर मेहुण्याच्या ऑफिसातलं कुणीतरी. प्रश्न एकच, "भाईजान, या रविवारी भंडारदरा दाखवणार ना?" वीसेक वर्षं या रस्त्यावर पाहुण्यांची गाडी चालवतोय, म्हणून हक्काने विचारतात. माझं पहिलं उत्तरही ठरलेलं असतं: या, पण रविवारी नको.

रविवारी शेंडी गावापासून पुढे गाड्यांची रांग लागते. धरणाच्या काठाने फिरणारा रस्ता अरुंद, एकीकडे डोंगर, दुसरीकडे उतार. मुलं गाडीतच रडकुंडीला येतात. आठवड्यातला मधला दिवस पकडा आणि फजरची नमाज झाली की निघा. कॅम्पातून भगूर, पांढुर्लीवरून घोटी, तिथून बारीमार्गे शेंडी. बारी हे कळसूबाईच्या पायथ्याचं गाव. 1646 मीटर उंचीचं हे शिखर महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच, पण पावसाळ्यात ते बहुतेक ढगात असतं, त्यामुळे "कुठे आहे, कुठे आहे" म्हणून गाडी थांबवायला लावू नका.

शेंडीला प्रवरा नदीवरचं विल्सन धरण आहे. 1910 मध्ये काम सुरू झालं आणि 1926 मध्ये पुरं झालं. पाणी साठतं 11,039 दशलक्ष घनफूट. धरणाखाली छत्रीसारखा दिसणारा अम्ब्रेला फॉल आहे, पण तो धरणातून पाणी सोडलं तरच दिसतो. नाहीतर फक्त काळा खडक. गेल्या वर्षी एक पाहुणे माझ्यावरच रागावले, जणू मीच तोटी बंद केली होती! रंधा धबधबा खाली प्रवरेवरच आहे, उंची साधारण 170 फूट. धरण भरून वाहू लागलं की त्याचा आवाज छातीत जाणवतो. तो कठड्याच्या आतूनच बघायचा. फोटोसाठी कठड्यावर मुलाला बसवणारे वडील मी पाहिलेत, आणि त्यांच्याशी भांडलोही आहे.

पण रंध्यापेक्षा मला जास्त भीती वाटते ती छोट्या ओढ्यांची. शेंडीहून पांजरे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असा धरणाला वळसा घातला तर जागोजागी रस्त्याच्या कडेला पाणी पडत असतं. घोट्याएवढं, स्वच्छ. तिथे कठडा नाही, पाटी नाही, आणि पाटी असली तरी वाचतो कोण?

माझी स्वतःची चूक सांगतो. 2011 साली सख्ख्या बहिणीचं कुटुंब घेऊन आलो होतो. पाऊस थांबलेला, चक्क ऊन पडलं होतं. भाचा नऊ वर्षांचा. मीच म्हणालो, जा रे, एवढंसं तर पाणी आहे. तो मधल्या खडकावर जाऊन बसला. दहा मिनिटांत पाणी गढूळ झालं, काटक्या आणि पालापाचोळा वाहत आला, आणि घोट्याचं पाणी गुडघ्याला लागलं. आमच्या डोक्यावर ऊन होतं, पण वर घाटघरच्या बाजूला कोसळत होता. बहीण आहे तशी बुरख्यासह पाण्यात शिरली. भिजलेलं कापड पायांना गुंडाळलं गेलं, तिला पाऊलही उचलता येईना. गुरं राखणाऱ्या एका ठाकर चाचांनी लांब काठी पुढे करून आधी मुलाला आणि मग तिला ओढून घेतलं. मी काठावर उभा होतो. पैसे देऊ केले तर त्यांनी हात झटकला आणि म्हणाले, "पाणी लाल झालेलं दिसत नव्हतं का?"

आमचं नशीब होतं. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या आपल्या समाजातल्या एका कुटुंबाला ते मिळालं नाही. एकमेकांना घट्ट धरून प्रवाहात उभे असलेले ते लोक सगळ्यांनी मोबाईलवर पाहिले. पाच जण गेले, त्यात चार मुलं. आमच्याकडेही ऑगस्ट 2022 मध्ये त्र्यंबकेश्वरजवळच्या दुगारवाडी धबधब्यावर अचानक पाणी वाढलं, वीसेक पर्यटक अडकले आणि एक जण वाहून गेला.

म्हणून आता गाडी सुरू करण्याआधी मी पाहुण्यांना एक काम सांगतो. तिघं सफरीला निघाले तर एकाला अमीर करावं, ही आपल्याला मिळालेली शिकवण आहे. आपण ती हजच्या नाहीतर जमातच्या प्रवासात पाळतो आणि सहलीला विसरतो. पाण्याचा अमीर घरातला सगळ्यात मोठा किंवा खर्च करणारा असायला हवा असं नाही. "एवढ्या लांब आलो, पाय तरी भिजवू" हे मुलांपेक्षा मोठेच जास्त म्हणतात. ज्याला नाही म्हणता येतं त्याला अमीर करा. माझ्या अनुभवात हे काम बायका चांगलं करतात. एका सहलीत तर बारावीतल्या मुलीने आपल्या तीन काकांना काठावर बसवून ठेवलं होतं.

अमीरने पाण्याचा रंग बघावा, आवाज बघावा. रंग बदलला किंवा काटक्या आल्या की सामान सोडून बाहेर. शेवाळलेल्या खडकावर कुणी चढायचं नाही. ओढ्यात अडकलेल्याला वाचवायला पाण्यात उडी मारायची नाही. काठी, दोर, ओढणी, जे हाताला लागेल ते पुढे करायचं. गाडीत वीस हात दोर ठेवा. घाटघरकडे मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून 112 वर भरवसा ठेवून पाण्यात उतरू नका.

आता खाण्याचं. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडली की पुढे गावातल्या घरांत पिठलं-भाकरी सांगता येते, आधी सांगितलं तर गरम मिळते. कोकणातले आमचे शाफई पाहुणे खेकड्याच्या कालवणावर तुटून पडतात, आम्ही हनफी त्यांच्या तोंडाकडे बघत पिठलं खातो. कोंबडी कुणी कापली याची चौकशी करत बसण्यापेक्षा घरूनच खिमा-चपाती आणावी. मात्र हाडं आणि प्लास्टिकच्या प्लेटा परत गाडीत घाला. दस्तरखान उचलल्यावर मागे काय राहिलं, यावरून गावकरी आपल्याला ओळखतात, आणि ते बोलतात ते माझ्या कानावर येतं. जोहरसाठी चटई आणि वजूच्या पाण्याची कॅन सोबत असू द्या, वजूसाठी ओढ्याच्या काठाला जाऊ नका.

अंधार व्हायच्या आत घोटी गाठा, घाटात धुकं उतरतं. घोटीला चहा प्या आणि तांदूळ घ्या. इंद्रायणी चांगला मिळतो, पण भाव दोन दुकानांत विचारून.