‘ऑथेंटिक’ची फोडणी

अमेरिकेतल्या आपल्या आयटी मंडळींमध्ये लाँग वीकेंडला पोर्तो रिको गाठायची पद्धत आहे. कारण सोपं आहे. बेट कॅरिबियन समुद्रातलं, पण ताबा अमेरिकेचा. त्यामुळे प्रवास देशांतर्गत धरतात आणि पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपला असला तरी परतताना धाकधूक नाही. एकदा तिथे पोचलं की सान हुआनच्या जुन्या शहरातली ‘फूड टूर’ ओघाने आलीच. साधारण तीन तास, दहाएक माणसं, चार-पाच ठिकाणी थांबणं, आणि जाहिरातीत हमखास एक शब्द : ऑथेंटिक.

माझं भांडण या शब्दाशी आहे. खाण्याशी अजिबात नाही, खाणं झकासच असतं.

या टूरचा साचा ठरलेला. निळसर फरसबंदीवरून चालत जायचं, कॉफीबरोबर पिठीसाखर भुरभुरलेला मायोर्का पाव खायचा, मग लाकडी खलात तळलेली हिरवी केळी, लसूण आणि डुकराची कुरकुरीत चरबी कुटून मोफोंगो करायचा (फोटो मस्ट!). शेवटी पिन्या कोलाडा. तो १९५४ साली हिल्टनच्या बारमध्ये जन्मला की १९६३ साली बाराचिना रेस्तराँमध्ये, या वादावर भरपूर वेळ जातो. मोफोंगोच्या वाट्याला मात्र एकच वाक्य : ‘आफ्रिकन प्रभाव’.

प्रभाव? कुणी आफ्रिकेहून रेसिपीचं पुस्तक पाठवलं होतं की काय! पश्चिम आफ्रिकेत कंद कुटून फुफू करतात. ती कुटण्याची सवय साखळदंडात बांधून आणलेल्या माणसांबरोबर इथे आली. पोर्तो रिकोत गुलामगिरी कायद्याने संपली १८७३ साली, आणि तेव्हाही सुटलेल्यांना आणखी तीन वर्षं करारावर राबणं सक्तीचं होतं. बाकालाईतो नावाच्या भज्यातला खारवलेला कॉड मासा तर या समुद्रातलाही नाही. तो उत्तर अटलांटिकचा. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून कॅरिबियन मळ्यांवर गुलामांच्या पोटात ढकलला जायचा. आज आपण ज्याला ‘चव’ म्हणतो ती तेव्हा मालकाची काटकसर होती.

आणि आता आपल्या घरातली गोष्ट. तिथला सणासुदीचा भात म्हणजे आरोस कोन गांदुलेस. हे गांदुलेस म्हणजे चक्क आपली तूर! ओल्या तुरीचे दाणे घालून केलेला भात. विदर्भातल्या माणसाला विचारा, तो डोळे मिटून ‘सोलेभात’ म्हणेल. तूर मूळची भारतातली. ती आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या व्यापाराच्या वाटेने कॅरिबियनमध्ये पोचली. म्हणजे ताटातला एकेक दाणा समुद्र ओलांडून आलेला. मग ‘ऑथेंटिक’ नक्की काय? आपल्याकडेही मिरची, बटाटा आणि पाव वगळून वडापाव करून दाखवा बरं.

आता तुम्ही म्हणाल, झालं गेलं गंगेला मिळालं, सुट्टीत कशाला हे रडगाणं? ठीक आहे, आजचं बोलू. हिरवंगार बेट, वर्षभर पाऊस आणि ऊन, तरी खाण्यापिण्याच्या वस्तूंपैकी सुमारे ८५ टक्के बाहेरून येतात. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारने शेती मागे सारून कारखान्यांवर भर दिला. त्यात १९२०चा जोन्स कायदा : अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकेत बांधलेलं, अमेरिकन मालकीचं आणि मुख्यत्वे अमेरिकन खलाशांचं हवं. अशी जहाजं महाग. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळाने बेट उद्ध्वस्त केलं, तेव्हा या कायद्यातून सूट मिळाली फक्त दहा दिवसांची. आणि हा कायदा करणाऱ्या काँग्रेसमध्ये बेटाच्या एकुलत्या प्रतिनिधीला अंतिम मतदानाचा हक्कच नाही.

आपल्या बिरादरीशी संबंधित मुद्दा पुढेच आहे. २०१२ साली बाहेरून राहायला येणाऱ्या गुंतवणूकदारांसाठी करात घसघशीत सूट देणारा कायदा झाला (२०१९ पासून तो ‘अॅक्ट ६०’मध्ये आहे). पिढ्यानपिढ्या तिथेच राहणाऱ्याला ती सूट नाही. पैसेवाले आले, क्रिप्टोवाले आले. जुन्या शहरातली घरं पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने जाऊ लागली. ‘लोकल फूड’ खायला आपण रांग लावतो त्या गल्लीत लोकल माणसानेच राहायचं कुठे?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘अरे, टूरमुळे निदान चार लोकांना रोजगार तरी मिळतो.’ मान्य. म्हणून मी टूर बंद करा म्हणतच नाहीये. गाइडला दोषही देत नाहीये. गिऱ्हाईकाला गोड लागेल तेच तो वाढणार, त्याचं पोट टिप्सवर आहे. प्रश्न गिऱ्हाईकाचा, म्हणजे आपला आहे. नोकरीत बग सापडला की मुळाशी जाईपर्यंत आपल्याला चैन पडत नाही. सुट्टीवर गेलो की तीच बुद्धी लॉगआउट का होते?

तेव्हा पैसे भरलेतच तर गाइडला तीन प्रश्न विचारा. हा पदार्थ आधी कुणी रांधला? यातलं काय या बेटावर पिकतं? आणि तुम्ही स्वतः कुठे राहता? विचारणारे वाढले की सांगणारेही वाढतील.

आणि टूर संपल्यावर तटबंदीबाहेर पडा. लोईसा गावाच्या हद्दीत, समुद्रकाठी पिन्योनेस आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांची ही जुनी वस्ती. तिथल्या टपऱ्यांवर लाकडाच्या जाळावर आल्कापुर्रिया आणि बाकालाईतो तळतात. धूर डोळ्यांत जातो, हात तेलकट होतात, आणि पैसे थेट तळणाऱ्याच्या हातात पडतात. कुठेही ‘ऑथेंटिक’ची पाटी शोधू नका. ज्याचं त्याला लिहायची गरज पडत नाही.