स्थगिती वांग्याला, फवारा चालूच!

मंडळी, वरठीच्या बाजारात वांगं निवडताना तुम्ही काय बघता? भोक! ते पाडते शेंडे आणि फळ पोखरणारी अळी. ती एकदा आत शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून शेतकरी पुन्हा पुन्हा फवारतो. जालन्याच्या महिकोने यावर बीटी वांगं काढलं. त्यात मातीतल्या जिवाणूचा क्राय१एसी जीन, आणि तो झाडभर चालू ठेवणारा '३५एस' नावाचा स्विच.

ऑक्टोबर २००९ मध्ये जीईएसी समितीने होकार दिला, ९ फेब्रुवारी २०१० ला जयराम रमेश यांनी स्थगिती. आधी स्वतंत्र चाचण्या हव्यात, हे त्यांचं म्हणणं रास्तच. पण मुदत? ती नाहीच! रिलीज थांबवून टेस्टिंगची तारीखच न देणाऱ्या मॅनेजरला आपण काय म्हणतो, ते इथे लिहीत नाही :) तिकडे बांगलादेशने २०१३ मध्ये परवानगी देऊनही टाकली.

कंपनीवर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी म्हणत नाहीये. उलट, तो जीन फळात किती प्रथिन बनवतो, हे सरकारी प्रयोगशाळांनी मोजावं, आकडे मराठीत मांडावेत आणि मग 'हो' किंवा 'नाही' काय ते एकदाचं सांगावं. 'बघू' हे उत्तर नव्हे. त्या 'बघू'ची किंमत पाठीवर पंप घेतलेला माणूस मोजतोय!