कामालाही हवा इफ्तार

रमजान महिन्यात रोजेदाराचा दिवस दोन काटेकोर वेळांमध्ये बसलेला असतो. पहाटे सहेरीची वेळ संपली की घोटभर पाणीही चालत नाही आणि सायंकाळी मगरीबची अजान झाली की रोजा सोडायला विलंब करायचा नसतो. पहिली गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. दुसरी मात्र अनेक मुस्लिमेतर मित्रांना ठाऊक नसते आणि काही मुस्लिमांच्याही लक्षात राहत नाही. रोजा जितका लांबवावा तितके पुण्य अधिक, असा इस्लामचा हिशेब नाही. इफ्तार वेळ होताच करावा, यावर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी भर दिला. मध्ये इफ्तार न करता एका दिवसाचा रोजा दुसऱ्या दिवसाला जोडण्याला अरबीत 'विसाल' म्हणतात. असा रोजा ठेवण्यास त्यांनी आपल्या अनुयायांना मनाई केली. ताकद आहे म्हणून ओढत राहायचे नाही, थांबण्याची वेळ आली की थांबायचे. हे थांबणेही इबादतीचाच भाग आहे.

ही शिकवण आज पनवेल, नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कामोठे, खारघर या पट्ट्यातील हजारो घरांना लागू पडते, मग त्या घरात रोजा असो वा नसो. कारण या घरांतून आता कचेऱ्या चालतात.

पनवेलहून हार्बर मार्गाच्या लोकलने मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठायला सव्वा ते दीड तास लागतो. वर्षानुवर्षे पनवेलकरांनी या प्रवासाला नावे ठेवली. गर्दी, घाम, चौथ्या सीटसाठीची ओढाताण यांमुळे माणूस घरी पोहोचेपर्यंत पिळून निघत असे. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, कचेऱ्या बंद झाल्या आणि ज्यांचे काम संगणकावर होत होते त्यांचे जेवणाचे टेबलच कचेरी बनले. टाळेबंदी संपली तरी पुष्कळांचे घरून काम पूर्णपणे संपले नाही. कुठे आठवड्यातून दोन दिवस, कुठे तीन, तर कुठे संपूर्ण आठवडा ते चालूच राहिले. रोजचे दोन-तीन तास वाचले, हे खरेच. पण त्या कटकटीच्या प्रवासाबरोबर आणखी एक गोष्ट गेली. संध्याकाळची ठरलेली गाडी पकडण्यासाठी माणूस हातातले काम ठेवून उठत असे. आता पकडायला गाडी नाही, त्यामुळे उठायला कारणही नाही. काम रात्रीच्या जेवणात, मुलांच्या अभ्यासात आणि शेवटी झोपेतही शिरते. हा कामाचा विसालच झाला.

घरून काम करणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा 'उत्साह राहत नाही' अशी असते. त्यावर दिले जाणारे सल्लेही ठरलेले आहेत: लवकर उठा, व्यायाम करा, नीट कपडे घालून बसा. सल्ले वाईट नाहीत. पण ज्या दिवसाला शेवटच नाही, त्या दिवसाची सुरुवात उत्साहाने होणार कशी? रोजेदार तेरा-साडेतेरा तास अन्नपाण्यावाचून राहू शकतो, कारण इफ्तारची वेळ त्याला मिनिटापर्यंत माहीत असते. वेळापत्रक भिंतीवर लावलेले असते. ती वेळ कोणी रोज तासभर पुढे ढकलू लागला तर निष्ठावान रोजेदाराचाही धीर सुटेल. शेवट नक्की असला की माणसाला मधला काळ पेलता येतो.

ही समज एकट्या इस्लामची नाही आणि पनवेलला ती नवीही नाही. पनवेलमधील बेथ एल सिनेगॉग १८४९ सालचे आहे. कोकण किनाऱ्यावरचे बेने इस्रायली ज्यू अनेक पिढ्या तेलघाणीचा धंदा करीत. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. घाणा स्वतःचा, बैल स्वतःचा. शनिवारी घाणा का फिरला नाही, असे विचारणारा मालक नव्हता, आणि फिरवला असता तर अडवणारा मुकादमही नव्हता. तरीही तो थांबत असे. त्या समाजाने आपले धर्मग्रंथ आणि बरेचसे विधी दीर्घकाळात गमावले होते, पण शनिवारची विश्रांती सोडली नव्हती. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू न ठेवणारा शेतकरी आणि नागपंचमीला नांगर न धरणारा शेतकरी याच समजुतीचा वारस आहे. स्वतःच्या घरी, स्वतःच्या मर्जीने काम करणाऱ्यालाच थांबण्याच्या नियमाची जास्त गरज असते, कारण त्याला थांबवणारे दुसरे कोणी नसते.

घरून काम ही संगणकाने आणलेली गोष्ट नाही, हेही विसरायला नको. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे 'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' झाली. या संस्थेची कामाची रीत पाहण्यासारखी आहे. पीठ केंद्रावर मळले जाते, सदस्य भगिनी ते मोजून घरी नेतात, पापड लाटून-वाळवून परत आणतात, वजन होते आणि त्याप्रमाणे लाटणावळ मिळते. घर सांभाळून काम होते, तरी कामाला माप आहे. नेलेले पीठ संपले की त्या दिवसाचे काम संपले. शिवाय पीठ घ्यायला आणि पापड द्यायला घराबाहेर पडावे लागते, चार जणी भेटतात, सुखदुःखाचे बोलणे होते. संगणकावरच्या कामाला मात्र असे माप नसते. एक ईमेल संपवला की दुसरा येतो आणि त्या रांगेतला शेवटचा कधीच दिसत नाही. म्हणून ते माप आपणच ठरवावे लागते: आज एवढे पीठ, उद्याचे उद्या.

त्या चार जणींच्या भेटीचे महत्त्व संशोधनातही दिसून आले आहे. शांघायमधील सी-ट्रिप या प्रवास कंपनीत कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांवर नऊ महिने प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी वाढले. पण प्रयोग संपल्यावर निवड करायला सांगितली, तेव्हा त्यांतील अनेकांनी कचेरीत परतणे पसंत केले. त्यामागे एकटेपणाची तक्रार होती. मशिदीतल्या जमातीचे मर्म जाणणाऱ्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. नमाज एकट्याने घरीही होते, तरी खांद्याला खांदा लावून पढण्याचे महत्त्व इस्लामने अधिक सांगितले आहे. २०२० मध्ये रमजान टाळेबंदीत आला. मशिदी बंद होत्या. तेव्हा घराघरांत वडील किंवा मोठा मुलगा पुढे उभा राहिला, मागे घरची माणसे उभी राहिली आणि दिवाणखान्यात तरावीह झाली. मशीद दुरावली तरी लोकांनी जमात सोडली नाही. घरून काम करणाऱ्यानेही आपली अशी एखादी जमात जपायला हवी. ती सकाळी वडाळे तलावाकाठी चालणाऱ्या मित्रांची असो, वाचनालयातली असो की दुपारच्या चहाला भेटणाऱ्या शेजाऱ्यांची.

उत्साह टिकवण्याबाबत रमजानच आणखी एक धडा देतो. पहिल्या काही रात्री तरावीहला मशिदी भरून वाहतात, मधल्या दिवसांत सफा विरळ होतात आणि शेवटच्या दहा दिवसांत पुन्हा भरतात. माणसाचा स्वभावच तसा आहे. म्हणूनच प्रेषितांनी सांगितले की अल्लाहला ते सत्कर्म अधिक प्रिय आहे जे थोडे असले तरी नियमित असते. सोमवारी चौदा तास आणि मंगळवारी डोके धरून बसणे, यापेक्षा रोजचे ठरलेले आठ तास अधिक फळ देतात. जागेचेही तसेच. एतिकाफमध्ये शेवटचे दहा दिवस मशिदीत राहतात. हनफी परंपरेत स्त्रिया घरातलाच एक कोपरा त्यासाठी ठरवतात. भिंत बांधत नाहीत, फक्त नीयत करतात, आणि घरचे सगळे त्या कोपऱ्याचा मान राखतात. वन रूम किचनच्या घरात कामासाठी वेगळी खोली कुठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. पण कोपरा ठरवता येतो, आणि काम संपल्यावर लॅपटॉप मिटून त्या कोपऱ्यातून उठताही येते.

मात्र या सगळ्याचा भार घरातल्या कोणावर पडतो, हे पाहिल्याशिवाय विषय पुरा होत नाही. घरून काम करणारा पुरुष 'घरी' असतो, पण बहुतेकदा घरच्या कामात नसतो. घरून काम करणारी स्त्री मात्र एकाच वेळी दोन्हीकडे असते. रमजानमध्ये ती पहाटे सर्वांआधी उठून सहेरी करते, दिवसा स्वतःचा रोजा सांभाळून मीटिंगला बसते, असरनंतर भजी, फळे, शरबत यांच्या तयारीला लागते आणि रात्री राहिलेले काम उरकते. तिच्या दिवसाला शेवट कुठे आहे? हजरत आयेशा (रजि.) यांना कोणीतरी विचारले होते, प्रेषित घरी असताना काय करीत असत? त्यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामाला हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर पडत. दोन्ही गोष्टी या एकाच उत्तरात आल्या आहेत. घरी असणे म्हणजे घरच्या कामात असणे, आणि वेळ झाली की ते बाजूला ठेवून उठणे. इफ्तारची फळे चिरायला आणि भांडी घासायला पुरुषाचे हात लागले, तर त्यात सुन्नतच आहे.

हजरत सलमान फारसी आणि हजरत अबू दरदा यांची हकिकतही अशीच. अबू दरदा दिवसभर रोजा ठेवत आणि रात्रभर नमाजमध्ये उभे राहत. सलमान त्यांच्या घरी पाहुणे म्हणून आले तेव्हा अबू दरदांच्या पत्नीची उदास अवस्था त्यांना दिसली. त्यांनी मित्राला आपल्याबरोबर जेवायला लावले, रात्री झोपायला लावले, पहाटे उठवून दोघांनी मिळून नमाज पढली. मग त्यांनी सांगितले की तुझ्यावर तुझ्या पालनकर्त्याचा हक्क आहे, तसाच तुझ्या शरीराचा आणि तुझ्या घरच्यांचाही आहे; ज्याचा हक्क त्याला दे. प्रेषितांपर्यंत ही गोष्ट गेली तेव्हा त्यांनी सलमानचे म्हणणे खरे ठरवले. जिथे इबादतीलाही घरच्यांचा हक्क बुडवण्याची परवानगी नाही, तिथे कंपनीच्या कामाला ती कशी असेल?

यावर कोणी म्हणेल, घरून काम हे सुखवस्तूंचे दुखणे आहे. पनवेलचा रिक्षावाला, मंडईतला भाजीवाला, कळंबोलीच्या लोखंड बाजारातला हमाल उन्हात रोजा ठेवून राबतो. त्याच्यापुढे पंख्याखाली बसणाऱ्याची तक्रार ती काय? त्या कष्टांची बरोबरी होणार नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण हमालाचे शेवटचे ओझे उतरले की त्याला घरी जाता येते. दुसऱ्याचे दुःख मोठे आहे म्हणून आपल्या घरातली झोप आणि बोलणे हरवू द्यावे, असा त्याचा अर्थ होत नाही.

सगळी जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्यावर टाकणेही योग्य नाही. रात्री नऊ वाजता साहेबांचा फोन येणार असेल, तर कोपरा ठरवून आणि घड्याळ लावून किती उपयोग होणार? पनवेलला मगरीबची अजान होते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये कचेऱ्या उघडत असतात, आणि इकडच्या अनेकांची मीटिंग नेमकी त्याच वेळी सुरू होते. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच हक्कासाठी खासगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. कायदा होईल तेव्हा होवो, पण टीम चालवणाऱ्या माणसाला आजही काही करता येते. इफ्तारच्या वेळेची मीटिंग अर्ध्या तासाने पुढे नेता येते. गणपतीत आरतीच्या वेळी आणि लहान मुलांच्या आईला जेवणाच्या वेळी तीच सवलत देता येते. एका धर्माच्या माणसासाठी केलेली सोय अशा रीतीने सर्वांची होते, आणि शेजाराची ओळखही त्यातूनच पक्की होते.

ईदचा चंद्र दिसला की सहेरी-इफ्तारचे वेळापत्रक भिंतीवरून उतरवले जाते. त्या जागी घरातल्यांनी बसून दुसरे एक वेळापत्रक लावावे: काम किती वाजता सुरू होईल, किती वाजता लॅपटॉप मिटेल, स्वयंपाकघरात कोणत्या दिवशी कोण असेल. ते मोडले जाईल, पुन्हा लावावे लागेल. पण संध्याकाळी ठरलेल्या वेळी घरातले सगळे एका दस्तरखानावर किंवा एका पंगतीत बसू लागले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला बसण्याचे बळ कुठून आणायचे, हा प्रश्न बराचसा सुटलेला असेल.