एकी आणि मान

काठ्यांच्या मोळीची गोष्ट आपण सर्वांनी बालवर्गातच ऐकलेली आहे. एकटी काठी सहज मोडते, मोळी मोडत नाही. तात्पर्य, एकीतच बळ. परंतु मोळी बांधताना काठ्यांस कोणी त्यांचे मत विचारीत नाही. माणसांची मोळी अशी बांधता येत नाही. माणसांस एकत्र यावयाचे असेल तर प्रत्येकास आपल्या मानाचा थोडा अंश सोडावा लागतो, आणि सारी अडचण तेथेच आहे.

आपल्या महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचेच उदाहरण घेऊ. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने कार्य आरंभिले. नागपुरास स्कॉटिश मिशन आले, नाशिकास चर्च मिशनरी सोसायटी आली. एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने शिरू नये, असा संकेत प्रॉटेस्टंट मिशनांनी पुष्कळ अंशी पाळला. त्यामुळे कोण कोणत्या मंडळीचा, हे बहुधा त्याच्या स्वतःच्या विचाराने नव्हे, तर आजोबांच्या गावावरून ठरले. दूरच्या देशांत उपजलेले वाद आम्हांस वारशाने मिळाले, आणि आम्ही ते घरच्या दागिन्यांप्रमाणे जपले.

गाण्यात मात्र आम्ही केव्हाच एक झालो होतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांची पदे निरनिराळ्या मंडळ्यांत सारख्याच प्रेमाने गाइली जातात. पद म्हणताना शेजारचा कोणत्या मंडळीचा, हे कोणी विचारीत नाही.

कंठाने जे सहज साधले, ते कारभारात साधावयास फार काळ लागला. उत्तर भारतातील मंडळ्यांच्या ऐक्याची बोलणी १९२९ साली सुरू झाली, आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली. मध्ये एकेचाळीस वर्षे गेली! काहींच्या परंपरेत बिशप होते, काहींच्या नव्हते. काही बालकांस बाप्तिस्मा देत, तर काही जाणत्या वयात विश्वास प्रकट केल्यावाचून देत नसत. अखेर बिशप नसलेल्यांनी बिशप पत्करले. बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीतींस एकाच घरात जागा मिळाली. सर्वांस एका साच्यात ओतून हे ऐक्य झाले नाही; प्रत्येकाने काही सोडले, म्हणून झाले. देह एक असून अवयव अनेक असतात, हा पौल प्रेषिताचा दृष्टांत येथे यथार्थ ठरतो. डोळ्याने हात व्हावे असे कोणी म्हणत नाही. त्याने हाताला तुच्छ मानू नये, एवढेच मागणे आहे.

परंतु घटनेच्या कागदावर सह्या झाल्या म्हणजे कार्य संपले, असे समजणे भोळेपणाचे होईल. आमच्यापैकी कित्येक घरांत विवाहाची बोलणी निघाली की पूर्वजांची जात हळूच दाराआडून डोकावते. प्रभुभोजनास एका मेजाभोवती बसणारे लोक सोयरिकीच्या वेळी निरनिराळ्या पंक्तींत उठून जातात. हे लिहिताना लाज वाटते; पण लपविल्याने रोग बरा होत नाही. वडीलधाऱ्या वाचकांनी याचा शांतपणे विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गात एकाच बाकावर निरनिराळ्या मंडळ्यांची, तसेच निरनिराळ्या धर्मांची मुले बसतात. ऐक्याची पहिली शाळा तो बाकच होय. ज्या एकीने दुसऱ्यांविरुद्ध भिंत उभी राहते ती एकी नव्हे, तो केवळ मोठा झालेला अहंकार आहे. खरी एकी खेळात चेंडू दुसऱ्याकडे देण्याने, आजारी सोबत्यास आपली वही देण्याने, भांडणानंतर आपण आधी बोलण्याने सुरू होते. मान सोडणे आज या लहान गोष्टींत शिकलात, तर उद्या मोठ्या गोष्टींत ते तुम्हांस जड जाणार नाही. आणि जे आमच्या पिढीस साधले नाही, ते तुमच्या हातून घडेल.