जुलाब, खाडा आणि पगार

पावसाळा लागला की जागोजागी फलक दिसू लागतात: पाणी उकळून प्या, हात धुवा. सगळे कामगारालाच सांगणारे. राजोडीच्या किनाऱ्यावरच्या रिसॉर्टात भांडी घासणाऱ्या बाईने पाणी उकळायचं ते कुणाच्या गॅसवर? टँकर कुठून भरून आला, टाकी शेवटची कधी धुतली, यातलं काहीच तिच्या हातात नसतं. म्हणून आजचं लिखाण मालकांसाठी आहे.

पाण्याचं काम अवघड नाही. टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरचं द्रावण मिसळायचं, अर्धा तास थांबायचं, मग नळाच्या पाण्याची ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची चाचणी, घ्यायची. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. खेड्यातला जलसुरक्षक हे करतो, तर रिसॉर्टच्या मॅनेजरलाही जमेल. विहिरीचं पाणी वापरत असाल तर जास्तच जपा. पावसात भूजल वर येतं आणि जवळच्या शोषखड्ड्यातली घाण विहिरीत उतरू शकते.

लशीचंही तसंच. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि आतड्यांच्या रोगांवरची लस, हे अन्नसुरक्षा परवान्याच्या 2011च्या नियमांतच आहे. नवी मुंबई महापालिकेने 2018मध्ये मुलांना टायफॉईडची नवी लस मोहीम काढून दिली. ती मोठ्यांनाही घेता येते. मात्र या लशीने हगवण किंवा कॉलरा थांबत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. जुलाब लागलेला आचारी शनिवारी कामावर येतो, कारण खाडा पडला की पगार कापला जातो. गर्दीही नेमकी त्याच दिवशी. त्याच्या हातचं आधी बाकीचे कामगार जेवतात, मग पाहुणे.

न्यूयॉर्कच्या मेरी मॅलनची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. ती स्वयंपाकीण होती. तिला स्वतःला काही होत नव्हतं, पण तिच्या शरीरात टायफॉईडचे जंतू होते. 1910मध्ये तिला 'पुन्हा स्वयंपाक करायचा नाही' या अटीवर विलगीकरणातून सोडलं. धुण्याच्या कामात पैसे कमी मिळत, म्हणून ती नाव बदलून स्वयंपाकाकडे परतली. 1915मध्ये ती एका प्रसूतिगृहाच्या स्वयंपाकघरात सापडली आणि 1938मध्ये मरेपर्यंत एका बेटावर डांबली गेली. तिला लोकांनी खलनायिका ठरवलं. काम सोडायला लावताना तिच्या बुडणाऱ्या पगाराची सोय कुणी केली नव्हती, हे मात्र विसरलं गेलं.

आपल्याकडे सोय कागदावर तरी आहे. 20 किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांत महाराष्ट्राच्या 2017च्या कायद्याने वर्षाला 8 दिवस भरपगारी नैमित्तिक रजा मिळते. ईएसआय या कामगार विमा योजनेत नाव असेल आणि हप्ते भरलेले असतील तर आजारपणात 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळू शकतं. पण चार-पाच माणसांवर चालणारी खानावळ यातल्या कशातच बसत नाही, आणि रोजंदारीवरच्या माणसाचं नाव बऱ्याचदा कुठेच नोंदलेलं नसतं.

तेव्हा मालकांनी स्वतःहून एवढं करावं. जुलाब थांबल्यावरही 48 तास त्या माणसाला स्वयंपाकघरात घेऊ नये. टायफॉईड झाला असेल तर डॉक्टरांनी मलतपासणी करून सांगेपर्यंत अन्नाला हात लावू देऊ नये. आणि या दिवसांचा पगार कापू नये, माणूस रोजंदारीवरचा असला तरी.